मचूळ

नीदुक बेटावर राजा नव्हता.
उतरंडीसारखं एक देऊळ होतं, आणि देवळात बारा मापारी.
डोकी तुळतुळीत, भुवयासुद्धा काढलेल्या,
काखेत तांब्याचं माप.
देवाचं नाव विचारलं तर म्हणत,
आधी पाणी, मग नाव.

मी गेलो होतो त्यांचं दार बसवायला.
चौलाहून सागाच्या अठरा फळ्या, काथ्याची भेंडोळी,
माझं वाकस, माझं किकरं,
आणि धाकू तांडेलाचं म्हातारं गलबत.
आखातात वारा पडला की पाण्यावर तेल पसरल्यासारखं होतं.
सात दिवस आमची सावली
गलबताखालून हलली नाही.

बेटाचं गोडं पाणी समुद्राच्या पोटात.
इद्दिन पाणबुड्या कमरेला धोंडा बांधून खाली जाई,
वाळूतून झरा जिथे उकळतो
तिथे कातडी पिशवीचं तोंड धरी,
आणि खाऱ्यातून गोडं उचलून आणी,
भांडणातून कुणी मूल उचलावं तसं.
पिशवी मापाऱ्यांची. झरा मापाऱ्यांचा.
इद्दिनचा फक्त श्वास.

संध्याकाळी पायऱ्यांवर रांग.
मापारी ओतायचा, समोरचा प्यायचा,
मग मोठ्यानं म्हणायचं : गोड.
त्याशिवाय दुसरं माप नाही.

माझी पाळी आली. प्यालो.
तोंडातून निघून गेलं, "मचूळ."

कुणाला काही कळलं नाही.
त्यांच्या भाषेत पाण्याला दोनच चवी,
एक देवळाची, एक समुद्राची.
मधल्या चवीला शब्दच नव्हता.

रात्री इद्दिन जाळ्याआड येऊन बसला.
"तीन वर्षं झाली, झऱ्याचं तोंड बारीक होतंय.
सांगून पाहिलं.
म्हणाले, तुझी जीभ आजारी आहे.
चाळीस दिवस मध चाटायला सांगितला.
देवळातलाच. विकत."

त्याची पोर तस्मेत, पुढचे दोन दात पडलेले.
तिला जमे तेवढं म्हणायची : मतूळ.
आठवड्यात सगळ्या पोरांच्या तोंडी.
वाकडा खेकडा मचूळ, आईची डाळ मचूळ,
शेजारचा रडका भाऊ तर अगदीच मचूळ.

मग एका रात्री सगळ्यात धाकटा मापारी
माझ्या अर्ध्या दारापाशी आला.
हातातला दिवा त्यानं भुसा चुकवून खाली ठेवला.
"तो शब्द. अर्थ काय?"

नऊ महिन्यांची मजुरी थकली होती.
हातात किकरं होतं, आणि हात थरथरत होता.
म्हणालो, "महाराज, आमच्या मुलखात
फार गोड पाण्याला तसं म्हणतात."

तो बराच वेळ बघत राहिला.
मिठानं फुटलेले ओठ त्यानं जिभेनं ओले केले.
"असं," म्हणाला.
आणि दिवा उचलता उचलता, हळूच,
"मलाही तसंच लागतं."

पुनवेच्या भरतीला वरच्या पायरीवरून दवंडी :
आजपासून म्हणायचं, मचूळ.

अख्खं शहर वाट्या घेऊन उभं.
एकेक जण पितोय, मान वर करतोय,
मचूळ. मचूळ. मचूळ.
तीन वर्षांत पहिल्यांदा खरं बोलणं,
तेही घसा मोकळा करून,
आणि प्रत्येकाला मापारी मान डोलावतोय.
इद्दिन हसत होता की काय, कळलं नाही.
त्याचा चेहरा कायम ओलाच.

दार बसवून मी परत आलो.
चांगलं बसलं. उघडताना आवाज नाही, लावतानाही नाही.

पुढल्या वर्षी धाकू तांडेल जाऊन आला.
सुपारी कातरत म्हणाला,
"आता तिथे मचूळ म्हणजे गोडच हो.
लग्नात नवऱ्या मुलीला म्हणतात. देवाला म्हणतात.
पाणी? ते आणखी खारट झालंय."

आणि तस्मेत? मी विचारलं.

"दात आले तिला.
धक्क्यावर उभी होती, गलबत लागायच्या आधीपासून.
विचारत होती,
तुमच्या त्या सुताराकडे
दुसरा एखादा शब्द आहे का."